कुठल्या प्रजातीची फाईल आधी उघडायची?

ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीत ख्रिसमस आयलंड नावाचं एक बेट आहे, हिंदी महासागरात. तिथल्या जंगलात एक सापसुरळी राहायची, फॉरेस्ट स्किंक म्हणतात तिला, आणि १९७० च्या दशकात ती बेटावर एवढी होती की तिची काळजी करावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. मग ती झपाट्याने कमी होत गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं नाव देशाच्या कायद्याच्या यादीत 'अति संकटग्रस्त' म्हणून चढलं. त्याच वर्षी ३१ मे ला माहितीतली शेवटची मादी, गंप असं तिचं नाव ठेवलेलं, पिंजऱ्यात मेली. म्हणजे कायद्याने संरक्षण दिलं तेव्हा ते घ्यायला जवळपास कुणी उरलंच नव्हतं.

यात कुणी मुद्दाम वाईटपणा केला असं मला वाटत नाही. तिची फाईल उघडायला उशीर झाला, बस. आणि हा उशीर कसा होतो, कुणाच्या वाट्याला येतो, यावर आपण फार कमी बोलतो. आपली सगळी चर्चा 'वाचवायचं की नाही' यावर चालते, पण त्याच्या कितीतरी आधी 'तपासायचं कुणाला आधी' हा प्रश्न कुठल्यातरी ऑफिसात सुटलेला असतो, आणि बऱ्याचदा तिथेच निकाल लागलेला असतो.

आधी एक गोंधळ दूर करू, कारण तो फार लोकांचा होतो. निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेची रेड लिस्ट वेगळी आणि एखाद्या देशाच्या कायद्याची यादी वेगळी. रेड लिस्ट ही वैज्ञानिक यादी, १९६४ पासून चालू आहे, १ लाख ६० हजारांपेक्षा जास्त प्रजाती तिच्यात तपासून झाल्यात आणि त्यातल्या ४६ हजारांहून जास्त धोक्यात आहेत. पण त्या यादीत नाव आलं म्हणून कुठला बुलडोझर थांबत नाही. बुलडोझर थांबतो तो देशाच्या कायद्याच्या यादीत नाव आलं की, आणि त्या यादीत नाव यायचं तर सरकारी खात्याने त्या प्रजातीचं स्वतंत्र मूल्यमापन करावं लागतं. म्हणजे संख्या किती, अधिवास किती उरलाय, धोका कशाचा, पुढच्या काही वर्षांत काय होईल, मग लोकांच्या हरकती, मग वकिलांची नजर, मग अंतिम आदेश. एकेका प्रजातीला महिने लागतात, वर्षं लागतात, आणि हे काम करणारी माणसं मोजकी. त्यामुळे रांग लागणारच. रांग नको असं म्हणणारा माणूस एकतर फार भोळा किंवा त्याला बजेट कधी बघायची वेळ आली नसणार.

रांग किती लांब असते याचं उदाहरण अमेरिकेचं देतो कारण तिथला कायदा जुना आहे आणि त्याच्या नोंदी सगळ्यांना बघायला मिळतात. १९७३ चा एन्डेंजर्ड स्पीशीज ॲक्ट, म्हणजे संकटग्रस्त प्रजातींचा कायदा. कुणीही नागरिक अर्ज करू शकतो, ९० दिवसांत वन्यजीव खात्याने सांगायचं की अर्जात दम आहे का, १२ महिन्यांत सांगायचं की संरक्षण द्यायला हवं का, आणि सगळं धरून साधारण दोन वर्षांत विषय संपायला हवा. प्रत्यक्षात १९७४ ते २०१४ या काळात यादीत गेलेल्या प्रजातींचा २०१६ मध्ये अभ्यास झाला तेव्हा थांबण्याच्या काळाचा मधला आकडा निघाला १२.१ वर्षं! त्यातही पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा नंबर लवकर लागला, फुलझाडं आणि कणा नसलेले प्राणी मागे राहिले. कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही की गोगलगायीने थांबावं. तरी ती थांबते.

आता हे ठरतं कसं ते बघू. १९८३ मध्ये अमेरिकेच्या खात्याने १ ते १२ अशी प्राधान्याची उतरंड केली. धोका किती मोठा, किती जवळ आलेला, आणि ती प्रजाती वंशवृक्षात किती एकटी आहे, म्हणजे तिच्या वंशात दुसरी कुणी नसेल तर ती आधी, नुसती उपप्रजाती असेल तर शेवटी. कागदावर बघितलं तर व्यवस्थित आहे हे, मला तर आवडलंच. पण त्याच्या एक वर्ष आधी, १९८२ मध्ये, कायद्यात एक पळवाट आली होती, तिचा अर्थ असा की हो, हिला संरक्षण द्यायला हवं, पण आमच्यापुढे आणखी महत्त्वाची कामं आहेत म्हणून सध्या देता येत नाही. झालं. प्रजाती 'उमेदवार' बनते आणि दरवर्षी तेच उत्तर घेऊन बसून राहते. मोनार्क फुलपाखराचा अर्ज २०१४ चा, डिसेंबर २०२० मध्ये उत्तर आलं की पात्र आहे पण आत्ता नाही, मग डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षणाचा प्रस्ताव आला. प्रस्ताव, आदेश नाही. आणि मोनार्क तर शाळेतल्या मुलांनाही माहीत असलेलं फुलपाखरू, त्याची ही गत असेल तर ज्याला साधं बोलीभाषेतलं नावही नाही अशा एखाद्या शिंपल्याचं काय होत असेल याचा विचार करा.

मग अर्थातच प्रकरण कोर्टात गेलं. संस्थांनी मुदती मोडल्याचे दावे लावले, खातं दावे हरलं की त्याला अमुक तारखेपर्यंत अमुक प्रजाती तपासा असा आदेश, आणि हळूहळू झालं असं की रांग शास्त्रज्ञ लावतायत की वकील लावतायत हेच कळेना. २०११ मध्ये दोन मोठ्या संस्थांबरोबर सेटलमेंट झाली आणि २५१ उमेदवार प्रजातींचा निकाल ठराविक वर्षांत लावायचं खात्याने कबूल केलं. कोर्टबाजीला नावं ठेवणारे खूप आहेत, पण खरं सांगायचं तर ती झाली नसती तर त्या २५१ मधल्या बऱ्याचशा अजून तिथेच असत्या. तरीही ज्याच्या मागे वकील उभा आहे त्याची फाईल आधी, ही काही चांगली पद्धत नाही हेही खरंच. कारण वकील कुणाच्या मागे उभा राहतो? ज्याच्यासाठी वर्गणी गोळा होते त्याच्या.

यातून मार्ग म्हणून २०१६ मध्ये खात्याने नवीन पद्धत काढली, पाच कप्पे. पहिल्या कप्प्यात एकदम शेवटच्या घटकेला आलेल्या प्रजाती. दुसऱ्यात ज्यांच्याबद्दल भक्कम माहिती आधीच हातात आहे अशा. तिसऱ्यात ज्यांच्यावर नवीन संशोधन चालू आहे. चौथ्यात ज्यांच्यासाठी राज्यं किंवा जमीनमालक स्वतःहून काही संवर्धनाचं करतायत त्या. आणि पाचव्यात, अगदी तळाला, ज्यांच्याबद्दल फारशी माहितीच नाही.

पहिल्या कप्प्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण दुसऱ्या आणि पाचव्या कप्प्याशी आहे. खात्याच्या बाजूने बघितलं तर लॉजिक दिसतं, माहिती आहे तिथे निर्णय पटकन होईल, कोर्टात टिकेल, कमी माणसांत जास्त फायली हातावेगळ्या होतील. ऑफिस चालवणाऱ्या माणसाला हे पटणारच. पण माहिती असणं आणि धोका असणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. माहिती कुणाबद्दल असते? जे मोठे आहेत, दिसायला सुंदर आहेत, ज्यांची शिकार होते किंवा ज्यांना बघायला लोक कॅमेरे घेऊन जातात त्यांच्याबद्दल. पक्षी आणि सस्तन प्राणी जवळजवळ सगळे रेड लिस्टने तपासून झालेत. कीटकांच्या नाव दिलेल्या प्रजाती १० लाखांच्या आसपास, त्यातल्या तपासल्या गेल्या जेमतेम एक टक्का. बुरशी आणि अळंब्यांच्या तपासलेल्या प्रजातींचा आकडा हजाराच्या वर जायला २०२५ साल उजाडावं लागलं, आणि तेव्हा तपासलेल्या साधारण १३०० पैकी ४११ धोक्यात निघाल्या.

म्हणजे माहिती नाही म्हणून रांगेत मागे, रांगेत मागे म्हणून सर्वेक्षणाला पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून माहिती नाही. या चक्रातून बाहेर पडायचा रस्ता त्या कप्प्यांच्या पद्धतीत नाहीच. आणि 'माहिती नाही' चा अर्थ 'बहुतेक ठीक असेल' असा आपण नकळत लावतो, तोही चुकीचा आहे. २०२२ मध्ये रेड लिस्टवरच्या 'अपुरी माहिती' असा शिक्का असलेल्या प्रजातींवर कॉम्प्युटर मॉडेल चालवून बघितलं गेलं, तर त्यातल्या निम्म्याहून जास्त प्रत्यक्षात धोक्यात असाव्यात असा अंदाज आला, उभयचरांमध्ये तर ८५ टक्के. मॉडेल म्हणजे काही देववाणी नव्हे, मान्य. पण निदान इतकं तरी कळतं की तळाचा कप्पा हा 'बघू नंतर' चा कप्पा नाही, तिथे न दिसणारी माणसं, सॉरी, न दिसणारे जीव खचाखच भरलेत.

फ्रँकलिन्स बंबलबी घ्या. अमेरिकेच्या पश्चिमेला एका छोट्याशा पट्ट्यात राहणारी गुबगुबीत मधमाशी. शेवटची दिसली २००६ मध्ये. अर्ज २०१० मध्ये. यादीत आली २०२१ मध्ये. शेवटच्या दर्शनानंतर पंधरा वर्षांनी कायदेशीर संरक्षण! आता ती कुठेतरी असेलही, कीटकांचं सांगता येत नाही, शोध चालू असतो. पण हिशोब बघा.

मग रांग कशी लावायची? माझं म्हणणं एवढंच आहे की 'सगळ्यात जास्त धोक्यात कोण' हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि 'उशीर झाला तर कुणाचं नुकसान भरून येणार नाही' हा प्रश्न विचारावा. दोन्ही ऐकायला सारखे वाटतात पण उत्तरं वेगळी येतात. एखादी प्रजाती खूप धोक्यात असू शकते पण तिची घसरण संथ आहे, पसारा मोठा आहे, तिची फाईल तीन वर्षांनी उघडली तरी फरक तसा कमी पडेल. दुसरी प्रजाती आज बऱ्यापैकी आहे पण एकाच जागी आहे आणि त्या जागेचं काम पुढच्या वर्षी सुरू होणार आहे. दुसरी आधी.

याचं अगदी नेमकं उदाहरण म्हणजे डिक्सी व्हॅली टोड. नेवाडातला एक छोटासा भेक, वेगळी प्रजाती म्हणून त्याला नाव मिळालं २०१७ मध्ये, जगात एकाच ठिकाणी सापडतो, गरम झऱ्यांवर जगणाऱ्या एका पाणथळ जागेत. आणि तिथेच भूऔष्णिक वीज प्रकल्प आला. झऱ्याचं पाणी किंवा तापमान बदललं तर त्याला जायला दुसरी जागाच नाही. एप्रिल २०२२ मध्ये खात्याने कायद्यातली आणीबाणीची तरतूद वापरली, तिच्याखाली २४० दिवसांचं तात्पुरतं संरक्षण मिळतं, आणि मुदत संपायच्या सुमारास, डिसेंबरमध्ये, कायमचा आदेश निघाला. म्हणजे मनात आणलं तर होतं. त्याच महिन्यात त्याच राज्यातलं टीम्स बकव्हीट हे रानफूलही यादीत आलं, ते जेमतेम दहा एकरांत वाढतं आणि त्या दहा एकरांच्या खाली लिथियम आहे. वीज प्रकल्पही स्वच्छ ऊर्जेचा, लिथियमही बॅटरीसाठी, त्यामुळे 'विकास विरुद्ध निसर्ग' असं सोपं भांडण पण इथे नाही, दोन्ही बाजूंना पर्यावरणाचंच नाव आहे. म्हणूनच मूल्यमापन आधी व्हायला हवं. निर्णय अवघड असेल तर तो माहिती समोर ठेवून घ्या, फाईल नंतर उघडून 'अरेच्चा' म्हणू नका.

'उशिराचं नुकसान' मोजताना अजून एक गोष्ट धरायला हवी, ती म्हणजे कायद्याचा हात तिथे पोचतो का. यावर लोक चिडतात, पण ऐका. धोका जर जमीन साफ करण्याचा, खाणीचा, धरणाचा, शिकारीचा असेल तर यादीतलं नाव थेट काम करतं. धोका जर रोगाचा किंवा बाहेरून आलेल्या डासांचा असेल तर नुसत्या यादीने डास थांबत नाहीत. हवाईच्या कवाई बेटावरचा अकिकिकी हा पक्षी २०१० मध्ये यादीत आला, आज जंगलात तो जवळजवळ संपलाय, डासांनी आणलेल्या मलेरियाने. तसंच गिधाडांचं. १९९० च्या दशकात भारतात आणि शेजारी देशांत पांढऱ्या पाठीची गिधाडं लाखोंनी होती, रांग लावणाऱ्या कुणीही त्यांची फाईल शेवटी ठेवली असती, आणि बघता बघता ९९ टक्क्यांच्या वर संपली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे कारण आहे हे २००४ मध्ये कळलं आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या औषधावर बंदी आली. तिथे कामी आली ती औषधावरची बंदी.

या गिधाडांवरून मी दोन गोष्टी घेतो. एक, 'अजून भरपूर आहेत' याला काही अर्थ नाही, घसरणीचा वेग बघा. आणि दुसरी, मूल्यमापनाचा उपयोग फक्त यादीत नाव घालण्यापुरता नसतो, नीट केलं तर त्यातून कारण सापडतं. म्हणून कायद्याचा हात पोचत नाही अशा प्रजातींना मी रांगेतून काढा म्हणत नाहीये, फक्त त्यांच्याबाबतीत मूल्यमापनाबरोबर दुसरं काहीतरी लगेच सुरू व्हायला हवं, नाहीतर आपण नाव यादीत घालून हात झटकतो. त्याच ख्रिसमस बेटावर एक छोटं वटवाघूळ होतं, पिपिस्ट्रेल. ते २००६ पासून 'अति संकटग्रस्त' यादीत होतं. शास्त्रज्ञ ओरडत होते की उरलेली पकडून पैदास करू द्या, परवानगी मिळाली जुलै २००९ मध्ये, टीम पोचली तेव्हा एकच उरलेलं, तेही हाती लागलं नाही, त्याचा शेवटचा आवाज रेकॉर्ड झाला २६ ऑगस्ट २००९ ला.

इथे एक गट म्हणतो की जे वाचणारच नाहीत त्यांच्यावर वेळ कशाला घालवायचा, दवाखान्यात मोठा अपघात आला की डॉक्टर जसे ठरवतात तसं ठरवा, ज्यांना वाचवता येईल त्यांना आधी. पैसे कुठे खर्च करायचे यासाठी हा विचार मला पूर्ण चुकीचा वाटत नाही, न्यूझीलंडमध्ये तर खर्चाचं प्राधान्य ठरवायला अशा हिशोबाची रीतसर पद्धत विकसित झालीये. पण मूल्यमापनाच्या रांगेला तो लावला की गडबड होते, कारण वाचणार की नाही हे कळण्यासाठीच तर मूल्यमापन करायचंय. तपासायच्या आधीच 'हा जाणार' असं ठरवलं तर तो जातोच. ख्रिसमस बेटावरच्याच निळ्या शेपटीची सापसुरळी आणि लिस्टर्स गेको या दोघांची अवस्थाही फॉरेस्ट स्किंकसारखीच होती, फरक इतकाच की २००९ च्या सुमारास त्या पुरेशा संख्येने पकडल्या गेल्या, पैदास झाली, आज त्या आहेत. बाहेरून बघणाऱ्याला २००९ मध्ये तिघींपैकी कोण वाचेल ते सांगता आलं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो म्हणजे थांबण्याचाही फायदा असतो. चौथा कप्पा आठवा. यादीत नाव येणार या भीतीने जमीनमालक, तेल कंपन्या, राज्यं स्वतःहून करार करतात, अधिवास राखतात, आणि कायद्याचा बडगा न उगारता काम होतं. सेज ग्राऊस या पक्ष्याबाबत हे झालं, २०१० मध्ये 'पात्र पण आत्ता नाही', मग १० राज्यांत जमिनीच्या वापराचे आराखडे बदलले गेले, आणि २०१५ मध्ये खात्याने सांगितलं की आता यादीची गरज नाही. छान. पण पुढच्या सरकारने तेच आराखडे सैल करायला घेतले हेही सांगायला हवं. आणि याच्या उलट टोकाला टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या वाळूच्या टेकड्यांतला ड्यून्स सेजब्रश सरडा. त्याचं नाव पहिल्यांदा विचारात आलं १९८२ मध्ये, २०१० मध्ये प्रस्ताव, २०१२ मध्ये स्वेच्छेच्या करारांवर भरवसा ठेवून प्रस्ताव मागे, आणि शेवटी २०२४ च्या मे महिन्यात यादीत. बेचाळीस वर्षं! त्याच्या घराखाली तेल आहे हे वेगळं सांगायला नको. तेव्हा थांबायला माझी हरकत नाही, पण थांबण्याला तारीख हवी, आणि करार मोजता येईल असा हवा. 'आम्ही प्रयत्न करतोय' हा करार नाही.

रांग जाहीर केली की काही लोक ती उलट्या कामाला वापरतात, हा मुद्दाही खरा आहे. उद्या या प्राण्यामुळे माझ्या जमिनीवर बंधनं येणार असं कळलं की आजच झाडं तोडून टाकणारे असतात, अमेरिकेत एका सुतारपक्ष्याच्या बाबतीत यावर चक्क अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केलाय. आणि संग्राहक तर त्याहून वाईट. दक्षिण चीनमधल्या एका गुहेजवळच्या पालीचं वर्णन १९९९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं आणि जिथली ती सांगितली होती तिथून पाळीव प्राण्यांच्या धंद्यासाठी ती पार उचलून नेली गेली. त्यामुळे कुठली प्रजाती रांगेत कुठे आहे हे सगळ्यांना कळावं, पण ती नेमकी कुठल्या दरीत आहे हे नकाशासकट टाकू नका, एवढं तारतम्य पुरे.

आता मला स्वतःला सगळ्यात पटणारा भाग. एकेक प्रजाती का तपासायची? जागा तपासा ना. २०१० मध्ये कवाई बेटावरच्या ४८ प्रजाती एकदम यादीत घेतल्या गेल्या, त्यातली ४५ झाडं, बाकी दोन पक्षी आणि एक माशी. अधिवास तोच, धोके तेच, मोकाट डुकरं-बकऱ्या आणि बाहेरून आलेली झाडं, मग ४८ वेळा तेच लिहायचं कशाला? २०१६ मध्ये हवाईच्याच ४९ प्रजाती अशाच आल्या आणि त्यात सात मधमाश्या होत्या, अमेरिकेच्या यादीत आलेल्या पहिल्या मधमाश्या. या सातपैकी एकेकीची स्वतंत्र फाईल असती तर ती कधी उघडली असती सांगता येत नाही. गटाने तपासण्यात हाच मोठा फायदा आहे, की माहिती नसलेली प्रजाती माहिती असलेल्या शेजाऱ्याचा हात धरून पुढे येते. नदीतल्या शिंपल्यांना तर हे शंभर टक्के लागू आहे. एका नदीतले दहा शिंपले एकाच धरणाने आणि एकाच गाळाने मरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने २१ प्रजाती नामशेष म्हणून यादीतून काढल्या, त्यात दहा पक्षी, दोन मासे, एक वटवाघूळ आणि तब्बल आठ गोड्या पाण्यातले शिंपले होते. ते वटवाघूळ शेवटचं दिसलं होतं १९६८ मध्ये आणि यादीत आलं होतं १९८४ मध्ये, म्हणजे बहुधा मेल्यावर. यावर लोक म्हणतात कायदा फेल गेला. अरे, कायदा फेल कसा जाईल, तो पोचलाच नव्हता.

गटाने तपासताना एक धोका मात्र आहे, संस्था शेकडो नावं एका अर्जात कोंबतात. २०१० मध्ये एकाच अर्जात आग्नेय अमेरिकेतल्या नद्या-दलदलीतल्या ४०४ प्रजाती होत्या. खातं वैतागलं आणि २०१६ मध्ये नियम केला की एका अर्जात एकच प्रजाती. मला हा नियम रागाच्या भरात केल्यासारखा वाटतो. ४०४ जास्त असतील, पण एका खोऱ्यातल्या वीस प्रजाती एकत्र मागायला काय हरकत आहे?

वंशवृक्षात एकटं असण्याला किती वजन द्यावं यावर माझं मत अजून पक्कं नाही. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचा एज नावाचा कार्यक्रम २००७ पासून याच निकषावर चालतो, आणि कोट्यवधी वर्षांची एक अख्खी फांदी जाणं हे एक पान गळण्यापेक्षा मोठं नुकसान आहे हे समजतं. पण वर्गीकरण बदलत असतं. टेनेसीतल्या धरणाला सुप्रीम कोर्टापर्यंत नेणारा तो प्रसिद्ध छोटा मासा, स्नेल डार्टर, १९७८ चा खटला, तो मुळात वेगळी प्रजातीच नाही असं २०२५ मध्ये एका संशोधनात आलंय. म्हणून समान धोक्याच्या दोघांत निवड करायची वेळ आली तर हा निकष वापरावा, त्याच्या वर नको.

राहिला प्रश्न रांग कुणी लावायची याचा. ऑस्ट्रेलियात वैज्ञानिकांची समिती दरवर्षी प्राधान्याची यादी सुचवते पण मंत्री त्यात बदल करू शकतात. कॅनडात १९७७ पासून स्वतंत्र समिती आहे, कोसेविक, ती विज्ञानावर मूल्यमापन करते आणि संरक्षण द्यायचं की नाही ते सरकार ठरवतं. हे वेगळं ठेवणं मला योग्य वाटतं, कारण निदान सत्य काय आणि निर्णय काय हे लोकांना वेगवेगळं दिसतं. २००३ मध्ये समितीने न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाला संकटग्रस्त म्हटलं, २००६ मध्ये सरकारने यादीत घ्यायला नकार दिला, मासेमारीवर पोट असलेल्या लोकांचं कारण देऊन. तो नकार तुम्हाला पटो न पटो, तो उघड आहे, त्यावर भांडता येतं. रांगेत शेवटी ढकलून दिलेल्या प्रजातीला कुणी नकार दिलेलाच नसतो, मग भांडणार कुणाशी.

कॅनडाच्या कायद्यात आणखी एक चांगली गोष्ट आहे जी बाकीच्यांनी उचलायला हवी. मूल्यमापन मंत्रिमंडळाकडे पोचल्यापासून नऊ महिन्यांत निर्णय झाला नाही तर मंत्र्याने समितीच्या शिफारशीप्रमाणे यादी बदलायची, म्हणजे गप्प बसलं की संरक्षण आपोआप. फक्त त्यात एक भोक राहिलंय, मूल्यमापन 'पोचलं' कधी हे सरकारच्याच हातात आहे, आणि सल्लामसलत चालू आहे म्हणत ते वर्षानुवर्षं पोचतच नाही. ते भोक बुजवायला फार काही लागत नाही, घड्याळ समितीने अहवाल दिला त्या दिवसापासून सुरू करा. आणि जिथे अर्जाची पद्धत आहे तिथे ९० दिवसांच्या पहिल्या तपासणीत पास झालेल्या प्रजातीचा १२ महिन्यांत निकाल लागला नाही तर आणीबाणीतलं ते २४० दिवसांचं संरक्षण तिला न मागता लागू करा, संपलं तर पुन्हा लागू करा, आणि ते नको असेल तर खात्याने फाईल उघडून तसं लिहून द्यावं.